वाहनाचा सांगाडा, लेसरचे माप आणि आपली मुले

(उस्मानपुरा येथे भरलेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा विस्तार करून दिला आहे.)



मी बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. इतिहास-भूगोल हे माझे विषय. अडीअडचणीला आठवीचे गणितही घेतो. मोटारीच्या यंत्राशी माझा संबंध ती चालवण्यापुरताच. असे असताना ‘अपघात झालेल्या वाहनाचा सांगाडा लेसरच्या किरणाने कसा मोजतात’ हा विषय मी का निवडला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कारण सरळ आहे. गेल्या वर्षी या विषयापायी माझ्या घरचे पैसे बुडाले, आणि त्याच वेळी शिक्षक म्हणून केलेली एक जुनी चूक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. या दोन्ही गोष्टी आपल्यापासून लपवून ठेवण्यासारख्या नाहीत. पैशाची गोष्ट ऐकून कोणा पालकाची फसवणूक टळेल, आणि चुकीची गोष्ट ऐकून एखादा मुलगा शाळेत राहील, अशी माझी आशा आहे.

आपले शहर गाड्यांचे शहर आहे. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. त्यांच्यामागे सुटे भाग करणारे लहान-मोठे कारखाने आले आणि त्यांच्याही मागे गॅरेजे आली. छत्रपती संभाजीनगर असे नाव झाले तरी ज्यांच्या तोंडी अजून औरंगाबाद येते, त्या आपल्या जुन्या मोहल्ल्यांत असे घर क्वचितच असेल की ज्यातला एखादा मामा, चुलतभाऊ किंवा भाचा गॅरेजमध्ये काम करीत नाही. कोणी इंजिनाचा, कोणी वायरिंगचा, कोणी डेंटिंगचा, कोणी रंगाचा. या कामावर कित्येक संसार उभे राहिले. तेव्हा हा धंदा बदलतो आहे म्हटल्यावर ती बाब आपल्या घरातलीच होय.

आता माझी हकिकत सांगतो.

अब्बांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागे. रिक्षाच्या धक्क्यांनी त्यांची पाठ दुखे. म्हणून एक जुनी लहान मोटार घ्यायचे ठरवले. पारख करायला माझ्या एका माजी विद्यार्थ्याला बरोबर घेतले. त्याचे नाव मी येथे देत नाही. वय पंचविशीचे असले तरी सगळा मोहल्ला त्याला उस्ताद म्हणतो, म्हणून आपणही उस्तादच म्हणू. त्याने आठवीत शाळा सोडली आणि तो डेंटिंगच्या कामाला लागला. चेपलेला दरवाजा हातोडी आणि ठोकळी घेऊन असा सरळ करतो, की कुठे चेपला होता हे मालकालाही सांगता येऊ नये. त्याने गाडीवरून तळहात फिरवला, बॉनेट उघडून पाहिले, इंजिनाचा आवाज ऐकला, एक फेरी मारली आणि म्हणाला, “सर, गाडी चोख आहे. घ्या.” मी घेतली.

तीन महिन्यांत पुढच्या उजव्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली. स्टीअरिंगवरचा हात सैल सोडला, की गाडी एका बाजूला ओढू लागली. टायरच्या दुकानात दोनदा अलाइनमेंट करून घेतली. आठवडाभर बरे वाटे, मग पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो दुकानदार म्हणाला, “सर, चाके मी कितीदा सरळ करू? चाके ज्याला बसवली आहेत, तेच सरळ नाही. आधी ते मोजून घ्या.” त्याला मनापासून धन्यवाद दिले पाहिजेत, कारण तिसऱ्यांदा पैसे घेऊन तो गप्प बसू शकला असता.

येथे थोडे थांबून सांगाडा म्हणजे काय ते पाहू. ट्रक, टेम्पो, जीपसारखी वाहने यांना खाली लोखंडी चासी असते. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे जणू आडवी ठेवलेली शिडीच. तिच्यावर इंजिन, चाके आणि वरचा डबा बसवलेला असतो. आजकालच्या बहुतेक लहान मोटारींना अशी निराळी चासी नसते. पत्र्याचे अनेक भाग वेल्डिंगने एकमेकांना जोडून जो डबा होतो, तोच सांगाडा आणि तोच देह. चाकांचे आणि इंजिनाचे आधार त्यालाच बसवलेले असतात. त्यामुळे टक्कर समोर झाली तरी तिचा धक्का सगळ्या देहात पसरतो. दिवा फुटला तो पुढे, आणि पीळ बसला तो पार मागच्या दरवाजाच्या चौकटीपर्यंत, असेही घडते.

सांगाडा बिघडण्याच्या मुख्य तऱ्हा पाच. बाजूने धक्का बसला, तर तो केळीसारखा आडवा वाकतो. पुढून बसला, तर तुळई आखडून आखूड होते. कधी मधला भाग खचतो आणि टोक वर उचलले जाते. एका कोपऱ्यावर जोराचा धक्का बसला, तर एक बाजू दुसरीच्या मागे सरकते आणि आयताचा तिरपा चौकोन होतो. शेवटची तऱ्हा पिळाची. ओला कपडा पिळावा तसा सांगाडा पिळला जातो, एक कोपरा वर आणि समोरचा खाली. एकाच अपघातात यांतल्या दोन-तीन तऱ्हा एकत्रही होतात.

वरून पाहणाऱ्याला यांतले काही दिसत नाही. पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी भरली, घासली, रंग मारला, की गाडी नवरीसारखी दिसते. पण पुढची तुळई एकदा चुरगळली असेल तर तिच्यात पहिला जोर राहत नाही. नव्या मोटारींत ही तुळई मुद्दाम अशी केलेली असते, की टक्कर झाली तर ती ठरावीक पद्धतीने चुरगळावी आणि धक्का आपल्या अंगावर घ्यावा, म्हणजे आत बसलेला माणूस वाचतो. जी आधीच चुरगळून गेली, ती दुसऱ्या वेळी काय वाचवणार? शिवाय नव्या गाड्यांत जास्त ताकदीचे पोलाद वापरतात. ते गॅसच्या ज्वाळेने तापवून सरळ केले तर दिसायला सरळ होते, पण त्याची ताकद जाते. एअरबॅग कोणत्या क्षणी उघडायची हेही पुढचा भाग किती आणि कसा दबतो यावर बेतलेले असते. म्हणून सांगाड्यातील दोष हा केवळ दिसण्याचा दोष नव्हे. तो गाडीत बसणाऱ्याच्या जिवाशी निगडित आहे.

टायरवाल्याने सांगितल्याप्रमाणे मी आणि उस्ताद एका वर्कशॉपमध्ये गेलो. तेथे लेसरने सांगाडा मोजण्याची सोय होती. यंत्रावर एक चोवीस वर्षांचा तरुण होता. त्याने आपल्या उस्मानपुऱ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा घेतलेला होता. त्याने मोजणी कशी केली ती मी उभा राहून पाहिली.

गाडी लिफ्टवर उचलली. प्रत्येक गाडीच्या तळाला कारखान्याने ठरवलेली भोके, बोल्ट आणि सांधे असतात. यांना आधारबिंदू म्हणता येईल. प्रत्येक मॉडेलचा एक नकाशा असतो, आणि त्यात हे बिंदू एकमेकांपासून किती लांब, किती रुंद आणि किती उंच असावेत हे मिलिमीटरमध्ये दिलेले असते. त्या तरुणाने या बिंदूंना एकेक लटकन अडकवले. लटकनावर चमकदार पट्ट्यांची नक्षी होती, दुकानातील मालावर काळ्या रेघा छापलेल्या असतात तशी. गाडीखाली मधोमध एक चपटी पेटी ठेवली. त्या पेटीत दोन लेसर किरण गोल फिरत असतात, दीपगृहातला दिवा फिरतो तसे. किरण लटकनावर पडला, की परत फिरून पेटीकडे येतो. तो कोणत्या कोनातून आला याची नोंद होते. नक्षीवरून लटकन कोणते आणि किरण त्यावर किती उंचीवर पडला, हे ओळखले जाते.

आता विद्यार्थी मित्रांनो, इकडे लक्ष द्या. दोन किरण जेथून निघतात त्या दोन जागांमधील अंतर यंत्राला ठाऊक आहे. तो झाला त्रिकोणाचा पाया. दोन्ही किरणांचे कोन मोजले गेले. ते झाले पायालगतचे दोन कोन. पाया आणि त्यालगतचे दोन कोन दिले असता त्रिकोण काढा, हे उदाहरण तुम्ही वहीत सोडवले आहे. ‘कोन-बाजू-कोन’, म्हणजे आपले कोबाको. एवढ्यावरून त्रिकोण एकच निघतो, दुसरा निघत नाही. त्या त्रिकोणाचा तिसरा शिरोबिंदू म्हणजे ते लटकन. ज्याला टेप लागली नाही त्याचे ठिकाण असे मिळते. संगणक हे काम सेकंदात सगळ्या लटकनांसाठी करतो आणि प्रत्येक बिंदू असायला हवा तेथे आहे की नाही ते पडद्यावर दाखवतो.

लेसर यासाठीच का वापरावा? साध्या बॅटरीचा उजेड थोड्या अंतरावर पसरून फिका होतो. लेसरचा किरण फार थोडा पसरतो, म्हणून लांबवरही त्याचा ठिपका बारीक राहतो आणि माप नेमके मिळते. या किरणामागचा सिद्धान्त आइन्स्टाइन यांनी १९१७ साली मांडला होता, आणि पहिला लेसर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी चालवून दाखवला. परंतु प्रकाश सरळ रेषेत जातो ही गोष्ट प्रयोगाने तपासून पाहणाऱ्यांत हजार वर्षांपूर्वीचे बसऱ्याचे इब्न अल-हैसम यांचे नाव आदराने घेतले जाते. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला लहानसे छिद्र ठेवून, बाहेरच्या दिव्यांचा उजेड आत कोठे पडतो हे त्यांनी पाहिले. त्यांच्याच काळातील अल-बिरुनी यांनी पंजाबातील नंदना किल्ल्यापाशी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, आधी एका डोंगराची उंची कोनांवरून काढली. मग डोंगरावर उभे राहून क्षितिज किती कोनाने खाली दिसते ते मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची त्रिज्या काढली. पृथ्वीला टेप कोण लावणार? हात पोचत नाही तेथे कोन पोचतो. ही नावे मी थोरवी मिरवायला सांगत नाही. आपल्या पूर्वजांनी मोजून पाहिले, म्हणून त्यांची नावे राहिली. आपण त्यांची नावे नुसती घेत राहिलो आणि मोजणे सोडले, तर त्या नावांचा आपल्याला उपयोग नाही.

असो. मोजणी झाली आणि कागद छापून आला. डावीकडचे बहुतेक सगळे बिंदू ठीक होते. या कामात साधारणपणे तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. उजवीकडे पुढच्या तुळईच्या टोकाशी लिहिले होते : लांबी उणे ११, उंची अधिक ७. म्हणजे ती तुळई असायला हवी त्यापेक्षा अकरा मिलिमीटर आखूड झाली होती आणि सात मिलिमीटर वर उचलली गेली होती. अकरा मिलिमीटर म्हणजे आपल्या बोटाच्या रुंदीहूनही कमी. तेवढ्याने चाकाचा कोन बिघडला होता, टायर खाल्ला जात होता आणि अब्बा ज्या सीटवर निर्धास्त बसत होते तिच्या पुढची ढाल निकामी झाली होती.

मी त्या तरुणाला विचारले, “म्हणजे गाडी वाकडी आहे?” तो म्हणाला, “सर, यंत्र वाकडी-सरळ काही म्हणत नाही. ते फक्त फरक सांगते. अर्थ आपण लावायचा.” त्याने आणखी एक गोष्ट समजावली. मोजायला सुरुवात करताना गाडीच्या मधल्या भागातले, धक्का न लागलेले निदान तीन बिंदू आधार म्हणून धरावे लागतात. आधाराचा बिंदूच सरकलेला असेल, तर पुढचे सगळे आकडे खोटे येतात. मॉडेलचा नकाशा चुकीचा निवडला किंवा लटकन भोकात नीट बसले नाही, तरी यंत्र मुकाट्याने चुकीचे उत्तर देते. तेव्हा लेसर आला म्हणून माणसाच्या अकलेचे काम संपत नाही.

एवढा वेळ उस्ताद माझ्या शेजारी उभा होता. त्याने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात विचारले, “सर, ही अकराच्या आधीची आडवी रेघ कशाची?”

ती रेघ म्हणजे उणे चिन्ह होते.

वाचक हो, त्या क्षणी मला बारा वर्षांपूर्वीचा वर्ग आठवला. मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. गणिताचे सर रजेवर गेले म्हणून आठवीचा तास माझ्याकडे आला होता. धडा चौकोनाचा होता. आयताचे दोन्ही कर्ण समान असतात, असे मी फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरून या मुलाने विचारले, “सर, कर्ण मोजून काय मिळतं?” मला तास संपवायची घाई होती, आणि खरे म्हणजे उत्तरही ठाऊक नव्हते. मी म्हणालो, “तुला काय करायचंय? तू तर गॅरेजमध्येच जाणार आहेस.” वर्ग हसला. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. घरची ओढाताण होती, हे खरे. पण त्या हसण्याचाही त्यात वाटा नव्हता, असे मला म्हणवत नाही.

कर्ण मोजून काय मिळते ते आता ऐका. लेसर येण्याच्या किती तरी आधीपासून चांगले कारागीर चासी तपासत आले ती कर्णांवरच. सपाट फरशीवर गाडी उभी करायची. चासीवरील दोन्ही बाजूंच्या जोडीच्या बिंदूंतून गवंड्याचा ओळंबा सोडायचा आणि तो जेथे टेकेल तेथे खडूने खूण करायची. मग गाडी बाजूला घ्यायची आणि फरशीवरच्या खुणांमधील तिरपी अंतरे मोजायची. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत, तर आयताचा तिरपा चौकोन झाला, चासी सरकली. गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलालाच तो धडा सगळ्यांत जास्त उपयोगाचा होता, आणि मी तो त्यालाच नाकारला.

तेथून परतल्यावर दुसऱ्या जुम्याला, नमाजनंतर, मी त्याच्या गॅरेजमध्ये गेलो आणि त्या दिवसाबद्दल त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, “सर, मी तर कधीच विसरलो.” ते खरे नव्हते, हे दोघांनाही कळत होते. मग आम्ही त्याच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या जीपखाली ओळंबा धरला, खडूने खुणा केल्या आणि कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले. तो खूश झाला. मी म्हटले, थांब. समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात, म्हणजे पुढचे टोक अरुंद झालेले असले तरी कर्ण फसवतील. म्हणून पुढची आणि मागची रुंदीही मोजली. तीही बरोबर आली. तरी तो विचारातच होता. मग म्हणाला, “सर, फरशीवर तर सगळं सपाट होतं. पीळ असेल तर इथं कसा कळणार? ओळंब्याची दोरी किती लांब सुटली तेही लिहून ठेवलं तर?”

मित्रांनो, ज्याला उणे चिन्ह ओळखता आले नव्हते, त्याने पाऊण तासात तिसरी मिती स्वतः शोधली. लांबी, रुंदी आणि उंची. लेसरचे यंत्र तरी याहून निराळे काय मोजते? बुद्धीची उणीव त्याच्यात कधीच नव्हती. उणीव होती ती शाळेने द्यायला हवे होते, त्या अक्षर-आकड्यांच्या ओळखीची.

गाडीचे पुढे काय झाले, हेही सांगायला हवे. असा सांगाडा दुरुस्त होतच नाही असे नव्हे. गाडी भक्कम बाकाला जखडतात, ज्या दिशेने धक्का बसला त्याच्या उलट दिशेने साखळ्या आणि हायड्रॉलिक जोर लावून ओढतात, आणि ओढताना क्षणोक्षणी माप घेतात. चुरगळलेला भाग कापून कारखान्याचा नवा भाग बसवतात. माझ्या गाडीला येणारा खर्च तिच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता. चार हितचिंतकांनी सल्ला दिला, “सर, कशाला बोलता कोणाला? रंग चांगला आहे, विकून टाका.” मोहही झाला, खोटे बोलत नाही. पण माप कमी देऊ नये, हे आपण लहानपणी अरबीच्या वर्गात ऐकलेले असते. अकरा मिलिमीटर कमी असलेली गाडी पूर्ण म्हणून देणे हे मापात मारणेच झाले. मी कागद दाखवून ती सुट्या भागांसाठी विकली. चाळीस हजारांचे नुकसान सोसले. अब्बा पुन्हा रिक्षाने जातात. ज्याने मला गाडी विकली त्याला दोष ठाऊक होता की नव्हता, अल्लाह जाणे.

आता पालकांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी.

जुनी गाडी घेताना बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या कडेच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहा. बॉनेट आणि पुढच्या पंख्यांच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडला असेल, तर ते भाग एकदा निघालेले आहेत, असे समजा. चारही टायर कसे झिजले आहेत ते बोट फिरवून पाहा. ओल्या जमिनीवरून गाडी सरळ पुढे नेऊन पाहा. मागच्या चाकांचा माग पुढच्यांच्या मागाशी जुळत नसून सारखा एका बाजूला जात असेल, तर शंका घ्या. विमा कंपनीकडे आधी मोठा दावा झाला होता का, याची चौकशी करा. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त होत असेल, तर विम्याच्या नियमाने ते वाहन संपूर्ण नुकसानीत धरले जाते. अशी वाहने मोड म्हणून विकली जातात, आणि त्यांतली काही पुन्हा ठोकून-रंगवून रस्त्यावर येतात. यांतली एखादी खूण जरी दिसली, तरी पैसे देण्यापूर्वी सांगाडा मोजून घ्या आणि मापाचा कागद मागा. एक लक्षात असू द्या, अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन मोजणे, सांगाडा मोजणे नव्हे. मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचा अपघात झाला असेल, तर ती पुन्हा सुरू होण्याआधी हा कागद मागण्याचा पालकांना पुरेपूर हक्क आहे. मागताना संकोच करू नका.

दुसरी गोष्ट मुलांच्या शिक्षणाची. गॅरेजचे काम हलके आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उस्तादच्या तळहाताला पत्र्यातला जो उंचवटा कळतो, तो मला जन्मात कळणार नाही. हाताची ती कला आजही लागते आणि उद्याही लागेल. पण आता हाताच्या जोडीला माप आले आहे. सांगाडा ओढणाऱ्याला पडद्यावरचे अधिक-उणे वाचता आले पाहिजे, नकाशा समजला पाहिजे, दशांश कळला पाहिजे. जो वाचू शकतो तो यंत्रावर बसेल. जो वाचू शकत नाही तो त्याच यंत्राखालची फरशी पुसेल, मग त्याच्या हातात कितीही हुनर असो. मुलगा सहावी-सातवीत नापास झाला, की “उस्तादकडे ठेवून देऊ, काम तरी शिकेल” असे आपण म्हणतो. मी म्हणतो, जरूर शिकवा, सुट्टीत गॅरेजमध्ये पाठवा, पण दहावी होईपर्यंत शाळा सोडवू नका. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा आहे. तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय दोन्ही आपल्या स्टेशन रोडवरच आहेत. आपली मुले रोज त्या फाटकांवरून जातात. आत जायला एक दहावीचा कागद लागतो, आणि तो नसल्यामुळे किती मुले आयुष्यभर फाटकाबाहेरच राहतात. मुलींच्या पालकांनाही हेच सांगेन. मोजणीचे यंत्र चालवायला दंडाचा जोर लागत नाही. डोळस नजर आणि पक्के गणित लागते, आणि ते आपल्या मुलींकडे भरपूर आहे.

तिसरी गोष्ट माझ्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी, आणि सर्वांत आधी माझ्यासाठी. मुलाने “याचा उपयोग काय?” असे विचारले तर तो उद्धटपणा समजू नये. उत्तर ठाऊक नसेल, तर “उद्या शोधून सांगतो” म्हणावे. मला माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला बारा वर्षे लागली.

उस्तादने यंदा दहावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. गॅरेज बंद करून रात्री साडेआठला तो माझ्याकडे येतो. हातांना ग्रीसचा वास असतो, म्हणून वहीला हात लावण्याआधी तो दोनदा साबणाने हात धुतो. मराठी आणि गणित मी घेतो. इंग्रजीला आमच्याच शाळेतील एक बाई मदत करतात. बीजगणितात तो अजून अडखळतो. भूमितीत मात्र कधी कधी मलाच थांबवून विचारतो, “सर, हे मोजून पाहिलं का?”

तो पास होईल की नाही हे निकाल लागल्यावर कळेल. आपण सर्वांनी त्याच्यासाठी दुआ करावी. आणि आपल्या घरात, शेजारात शाळा सोडण्याच्या बेतात असलेला एखादा मुलगा असेल, तर त्याच्या वडिलांशी याच आठवड्यात दोन शब्द बोलावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवतो.